पखवाजाची कणीक

पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावावी लागते. ज्यांच्या घरी भजन नाही त्यांना हे माहीत नसतं, म्हणून आधी सांगते. उजव्या बाजूला शाई असते, ती कायमची. डाव्या बाजूला वाजवायच्या आधी ओली कणीक थापायची, मग तिला खोल घुमणारा आवाज येतो. वाजवून झालं की खरवडून काढायची. त्याला पोळीची कणीक चालत नाही. सैल लागते, बोटाला चिकटेल पण ओघळणार नाही अशी. मीठ नाही, तेल नाही. लग्न होऊन मी मुंबईत आले तेव्हा सासूने मला भात लावायला शिकवायच्या आधी ही कणीक भिजवायला शिकवलं.

हे म्हणजे माझे यजमान. ते भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. दिवसा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि रविवारी पखवाजावर. मी गोळा भिजवून वाटीत द्यायची. हे तो डाव्या बाजूला थापायचे, एक थाप मारायचे, कान खाली न्यायचे, चिमूटभर काढून टाकायचे, परत थाप. मनासारखा आवाज आला की वाटी माझ्याकडे सरकवायचे. तोंडाने काही बोलायचे नाहीत. वाटी सरकली म्हणजे कणीक बरी झाली असं मी समजायची. आम्हाला मूल झालं नाही. त्याचं रडणं एकदा रडून झालं होतं. घरात पखवाज होता आणि रविवार होता.

आमची खोली घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर. गिरणीचा संप झाला आणि तो मिटलाच नाही. आमच्या वस्तीतली माणसं गावी गेली, कोणी वॉचमन झाली, कोणी भाजी विकायला बसली. ह्यांनी मिळेल ते केलं. मग आमच्या गावचा एक आचारी भेटला, तो एका शेठच्या बोटीवर होता. तो ह्यांना घेऊन गेला.

ती बोट मासेमारीची नव्हती आणि मालाचीही नव्हती. पांढरी, तीन मजली, आत गाद्या, पंखे, गरम पाण्याचे नळ. तिला यॉट म्हणायचे. शेठ ती भाड्याने द्यायचा, लग्नाला हॉल देतात तशी. ज्या पार्टीने घेतली तिचीच ती तेवढे दिवस. पार्टी सांगेल त्या बेटाला जायचं, पार्टी म्हणेल तेव्हा जेवण. अंधेरीला शेठचं ऑफिस होतं, तिथे आधी सगळं विचारून घ्यायचे: कोण काय खातो, कोण काय पितो, कोणाच्या पायाचं माप काय. पायाचं माप कशाला, तर पाण्यात घालायची रबरी पावलं असतात, बदकासारखी, ती त्या मापाची ठेवायला. दिवाळीनंतर बोट रिकामी खाली जायची, केरळच्याही पलीकडे, मालदीवच्या बेटांकडे. पाहुणे मागाहून विमानाने यायचे. पाठीला हवेचा सिलिंडर बांधून समुद्रात उतरायचे, वर यायचे, जेवायचे, परत उतरायचे. बरेचसे परदेशी, थोडे मुंबईतले पैसेवाले.

नळावर मी हे सांगितलं तेव्हा शेजारीण ऐकत होती. ती मालवणकडची.

"मासे धरूक उतरतत?" तिने विचारलं.

"नाय. बगूक."

"बगूक? एवढी बोट भाड्यान घेवन? मासळी बाजारात फुकट दिसतत मगे."

"जित्ते बगतत."

"आणि खातत काय?"

"कोंबडी."

तिने हंडा खाली ठेवला आणि पोट धरून हसली. त्यानंतर मी नळावर गेले की विचारायची, "काय गो, तुझ्या घोवान आज खयचो मासो बघल्यान?" मीही तिला काहीतरी नाव ठोकून द्यायची.

हे आधी डेक धुवायला होते. देवगडच्या बाजूला लहानपण गेलं, खडकातली कालवं काढायला पाण्यात बुड्या मारलेल्या. एकदा बोटीचा नांगर खाली दगडात अडकला. हे कपडे काढून उतरले आणि एका दमात सोडवून वर आले. कप्तानाने ते बघितलं आणि पुढच्या खेपेपासून ह्यांच्याही पाठीला सिलिंडर आला. पाहुण्यांच्या आधी उतरायचं, पाण्याची ओढ कशी आहे बघायची, मग त्यांना खाली घ्यायचं आणि सगळे वर गेले की शेवटी आपण वर यायचं. ह्यांना ते काम आवडलं. साच्याच्या खडखडाटात जन्म काढलेला माणूस. मला म्हणाले, "खाली गपगार असता. फक्त आपलो श्वास. मी श्वासावर ठेको धरतंय."

"आणखी काय ऐकाक येता?" मी विचारलं.

विचार करून म्हणाले, "राई तडतडता तसा."

राई म्हणजे मोहरी. पाण्याखाली दगडांतून बारीक बारीक तडतडल्यासारखा आवाज येतो म्हणे, सारखा, सगळीकडून. कोण करतं ते माहीत नाही. मी फोडणी टाकली की हे ऐकायचे आणि म्हणायचे, "हा, असोच."

दुसऱ्या वर्षी सीझन सुरू व्हायच्या आधी शेठने बोटीवर सत्यनारायण घातला. बोट तेव्हा मनोरीच्या बाहेर उभी होती, शेठचा बंगला तिकडे होता. माणसांच्या बायकांनाही बोलावलं होतं. शेठला ह्यांच्या भजनाचं कळलं होतं, म्हणाला मंडळ आणा. मार्व्याच्या धक्क्यावरून आम्ही सगळे पेटी, झांजा, पखवाज घेऊन आधी खाडीच्या तरीतून आणि मग छोट्या होडीतून बोटीवर चढलो. पखवाज वर देताना मंडळाचे बुवा खालून ओरडत होते, "वयनी, तुम्ही पडलात तरी चलात, तो पडता नये." बुवा म्हणजे मंडळाचे मुख्य गाणारे. ह्यांच्या गावचेच, टपाल खात्यात होते.

बोटीचं स्वयंपाकघर मी बघितलं. आरशासारखं. पण गव्हाचं पीठ नव्हतं, गोरे लोक पाव खातात म्हणून नुसता मैदा. आचारी म्हणाला, मैदा घ्या. मी म्हटलं, मैद्याने आवाज येत नाही, चिकट येतो. मी घरून फडक्यात पीठ बांधून आणलं होतं, नेहमीच न्यायची. त्या चकचकीत ओट्यावर मी कणीक भिजवली. मग वरच्या डेकवर, जिथे पाहुणे उघडे पडून ऊन खातात तिथे, आमचं भजन झालं. खाली लोखंड पोकळ असल्यामुळे की काय, पखवाज असा घुमला की पायाला कळत होतं. शेठ डोळे मिटून बसला होता. हे वाजवताना सहसा कोणाकडे बघत नसत. त्या दिवशी एकदा माझ्याकडे बघितलं. तेवढंच. पण मला ते अजून आठवतं आणि ते आठवून काही उपयोग नाही हेही मला माहीत आहे.

त्याच सीझनला झालं ते झालं.

एका मुंबईच्या व्यापाऱ्याने परदेशी पाहुण्यांसाठी सगळी बोट घेतली होती. ह्यांना त्या खेपेला सर्दी होती. सर्दी असताना सिलिंडर बांधून खाली जायचं नाही, दाबाने कान जातात, असा बोटीवर नियम होता. कप्तानाने विचारलंही होतं, कोणाला काही आजार आहे का. हे नाही म्हणाले. खोटं बोलले नाहीत. गिरणीत कापसाच्या तुसामुळे सगळ्यांचं नाक बारा महिने वाहायचं. सर्दीला आमच्यात आजार म्हणतच नाहीत. ताप आला तर आजार, अंथरुणाला लागलं तर आजार. सर्दी म्हणजे नाक.

एका पाहुण्याचा कॅमेरा हातातून सुटून समुद्रात गेला. महागाचा, पाण्यात चालणारा. तो माणूस लहान मुलासारखा तोंड करून बसला. हे म्हणाले, मी बघतो. पहिल्यांदा उतरले तेव्हा कान फुटतील इतके दुखले. मिळाला नाही. वर आले तर उजव्या कानातून रक्ताचा थेंब. कोणाला दाखवलं नाही, पुसून टाकलं. आचाऱ्याला मात्र सांगितलं, कान ठणकतोय. आचारी गावचा. त्याने खोबरेल तेलात लसूण कडवली आणि ते तेल सोसेल तेवढं गरम दोन्ही कानांत ओतलं. घरी असते तर मीही हेच केलं असतं. माझ्या आईने आम्हा सगळ्या भावंडांच्या कानांत हेच ओतलं. म्हणून मी त्या आचाऱ्याला कधी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी हे परत उतरले. कॅमेरा सापडला. हे तो घेऊन वर आले तेव्हा सगळे पाहुणे कठड्याशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. ह्यांनी मला हे पुढे सांगितलं. म्हणाले, टाळ्या दिसत होत्या.

घरी आले तेव्हा मी स्टोव्हपाशी होते. पाठमोरी. पावलं कळली. मी म्हटलं, आलात? हातपाय धुवा. उत्तर नाही. परत म्हटलं. मग रागाने वळले तर हे दारात पिशवी घेऊन उभे, माझ्या तोंडाकडे टक लावून. आणि ओरडून म्हणाले, "माका ऐकाक येना नाय!"

किती मोठ्याने बोललो ते त्यांना कळत नव्हतं. त्यामुळे मला कळलं त्याच वेळी अख्ख्या चाळीला कळलं.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने कानात बत्ती घालून बघितलं, तेल कोणी घातलं म्हणून माझ्यावरच डाफरला. पडदे फाटलेले, त्यात तेल आत गेलेलं, आत पू झालेला, आणि त्याच्याही आत जी नस असते ती मेलेली. पू बरा होईल म्हणाला. मी विचारलं, आणि ऐकू? त्याने कागदावर लिहीत लिहीत मान हलवली. शेठ वाईट नव्हता. माणूस पाठवला, फळं पाठवली, औषधाचा खर्च दिला. कामावरून काढलं, पण त्याला तो तरी काय करणार.

साकीनाक्याला एका कारखान्यात प्रेस मशीनवर हे लागले. तिथे इतका आवाज की सगळेच हातवारे करून बोलतात. बहिऱ्याला तिथे काही कमी नव्हतं. घरी आम्ही ओठांवरून आणि हातांवरून निभावून नेलं. मी चौथी शिकलेली, हे पाचवी. पाटी आणली होती, पण पाटीवर लिहायचं म्हणजे नुसतं कामाचं लिहिलं जातं. मीठ आणा. घासलेट संपलं. बाकीचं राहून जातं. रात्री म्हणायचे, कानात राई तडतडते, सारखी. ती मात्र शेवटपर्यंत थांबली नाही.

पखवाज खुंटीला होता. वर्षभर तसाच. मग बुवा एकदा आले आणि हातवाऱ्यांनी सांगितलं, की तू वाजव, मी बोटाने लय दाखवतो, तुझे हात चुकायचे नाहीत. हे तयार झाले. रविवारी सराव सुरू झाला. मी कणीक भिजवून द्यायला लागले. हातांना खरंच सगळं आठवत होतं. बुवा समोर बसून बोट हलवायचे, हे बोटावर नजर ठेवून वाजवायचे. खोलीत बरं चालायचं. पण कणीक चुकायची. ती कानाने बघायची असते. हे तळवा टेकवून घुमार चाचपायचे, हाताला कमी लागला की आणखी थापायचे. कणीक जास्त झाली की पखवाज मरतो. भिजलेल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज येतो. मी खूण करून सांगायची, कमी करा. कधी ऐकायचे, कधी नाही.

गणपतीत मुलुंडला डबलबारी ठरली. डबलबारी म्हणजे दोन मंडळं समोरासमोर. एकाने गायचं, मग दुसऱ्याने, आणि नुसतं गायचं नाही, समोरच्याला गाण्यातून टोमणे मारायचे. बुवाची फजिती, पेटीवाल्याची फजिती, आणि पखवाज्याची तर हटकून. माणसं देवाचं ऐकायला बसतात आणि खिदळतात टोमण्यांना. समोरचे बुवा भांडुपचे, तोंडाने फार तिखट. मागे एकदा ते ह्यांच्याबद्दल गायले होते, की ह्याच्या पखवाजाला बायको कणीक लावते, घरात मात्र बिचारा भात खातो. मांडवात हशा. हे त्यावर खूश होऊन आठवडाभर ते वाक्य सांगत फिरले होते. टोमणा म्हणजे मान. वाईट वाजवणाऱ्यावर कोणी शब्द वाया घालवत नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बारी लागली. मी बायकांत बसले होते. ह्यांनी नवा सदरा घातला होता. वाटीतली सगळी कणीक थापली, सगळी. मी मान हलवली, हात हलवला. ह्यांनी बघितलं नाही. पहिल्या थापेलाच मला कळलं. आमचे बुवा चढत गेले, कोरस चढला, झांजा चढल्या, आणि खाली पखवाज धप धप करत मागे राहिला. मांडवात पोरं हिंडत होती, माणसं मधे उभी राहत होती, बुवांचं बोट ह्यांना दिसत नव्हतं. झांजवाल्याने झांज जोरात वाजवून झाकायचा प्रयत्न केला. हे घामाने निथळत होते आणि हसत होते. खूप दिवसांनी हसत होते.

मग भांडुपच्या बुवांची पाळी आली. मी पदर आवळून बसले. वाटलं, आता ते फाडणार. ते आमच्या बुवांच्या टकलावर गायले. पेटीवाल्याच्या चष्म्यावर गायले. आमच्या झांजवाल्याला रेल्वेचा घंटावाला म्हणाले. मांडव हसला. ह्यांच्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली. ह्यांच्यावर एक शब्द नाही. एवढा तिखट माणूस, आणि त्याला दया आली.

संपल्यावर आम्ही बस स्टॉपजवळच्या चहाच्या टपरीवर थांबलो. हे पखवाज घेऊन बाकड्यावर बसले होते. बुवा मला बाजूला घेऊन म्हणाले, "वयनी, तो विचारीत. तेका सांगा, भांडुपच्या बुवान बरो फाडलो म्हणान. काय तरी सांगा."

"काय सांगू?"

"म्हणा, पखवाजी की धोबी, असा काय तरी म्हटल्यान. तेका बरा वाटात."

"माका खोटा बोलूक येत नाय," मी म्हटलं.

"एकदा बोलल्यान काय झिजणार नाय तुमी."

मी बाकड्यावर गेले. ह्यांनी कपातला चहा संपवला, माझ्याकडे तोंड करून बसले, म्हणजे माझे ओठ दिसावेत. आणि नेहमीसारखं ओरडून विचारलं, टपरीवरची सगळी माणसं वळली. "काय गो, काय म्हटल्यान माझ्याबद्दल?"

बुवा त्यांच्या मागे उभे होते. डोळ्यांनी मला विनवत होते.

मी म्हटलं, "कायच नाय."

"कायच नाय?"

मी हाताने पण सांगितलं. काही नाही.

ह्यांनी माझ्या तोंडाकडे थोडा वेळ बघितलं. मी आणखी काही बोलेन म्हणून वाट बघत असावेत. मग मान डोलावली. कप नीट टपरीवर नेऊन ठेवला. बसमध्ये पखवाज मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर तो खुंटीला लावला नाही, कोपऱ्यात उभा केला. कणीक काढली नाही. तेवीस-चोवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कणीक तशी ठेवली तर चामडं खराब होतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मंडळी मला अजून म्हणतात, सांगायला हवं होतं खोटं. बुवा तर पुढे बरीच वर्षं माझ्याशी धड बोलले नाहीत. मला तसं वाटत नाही. सगळं जग ह्यांच्यासमोर नुसते ओठ हलवत होतं. मीही तेच केलं असतं तर ह्यांनी कोणाकडे बघायचं?

दसऱ्याच्या आधी बुवा आले. मंडळात नवीन मुलगा घेतला होता, त्याला पखवाज हवा होता. बुवांचं विचारायचं धाडस होत नव्हतं. ह्यांनीच कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "घेवन जा." मग दाराशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, विडी पेटवून बसले.

मी म्हटलं, थांबा, कणीक काढून देते. ती वाळून दगड झाली होती. पाण्याचा हात लावला, भिजू दिली, आणि नखाने थोडी थोडी सोडवायला लागले. सुरी लावता येत नाही, चामडं फाटतं. जशी कणीक कमी होत गेली तसा माझ्या बोटांखाली आवाज मोकळा व्हायला लागला. आधी धप, मग जरा खोल, मग एका जागी अगदी पहिल्यासारखा. मी तिथे बोट परत टेकवलं. घुमला. बुवांनी ऐकलं आणि मान खाली घातली.

एवढीच हवी होती त्या दिवशी. एवढीच ठेवायला हवी होती.

हे दाराशी बसले होते, चार हातांवर. वळले नाहीत. मी बाकीचीही काढली, ओल्या फडक्याने डावी बाजू पुसली आणि पखवाज बुवांच्या हातात दिला.